बापटसाहेबांना खाली आणा

"आत कोण होतं, पावणं?"

आण्णांनी हे विचारलं तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर माझ्या रॉकेटच्या नुकत्याच ठिकऱ्या उडाल्या होत्या, आणि मी चिवड्याचा बकाणा भरून हसत होतो.

"कुठे आत?"

"त्या रॉकेटात. खिडकीतनं तिघं बघत हुती. मगाशी एकानं हात पण हलवला."

"ती होय! ती खेळातली माणसं. रॉकेट फुटलं की बटण दाबायचं, सगळं परत पहिल्यासारखं."

"मेली न्हाईत?"

"मेली. पण बटण दाबलं की..."

"म्हंजे मेली," आण्णा म्हणाले आणि त्यांनी चिवड्याची बशी माझ्यापुढून उचलून आपल्यापुढे ठेवली.

मुलगी मागायला आलेल्या माणसाच्या पुढ्यातून बशी उचलली जाणं हा शुभशकुन नाही, एवढं मलाही कळलं. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, पण ती बशी अजून डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा कराडला एका पंपांच्या कारखान्यात डिझाइन विभागात होतो. कॉलेजच्या ग्रंथपाल तेजश्री जगदाळे यांच्याकडून नेलेली इतकी पुस्तकं मी न वाचता परत केली होती की शेवटी तिनेच विचारलं, "तुम्ही नक्की कशासाठी येता?" त्यानंतर आमचं सगळं ठरलं. जूनमध्ये माझी पुण्याला बदली व्हायची होती आणि त्याआधी लग्न उरकायचं होतं. अडलं होतं फक्त आण्णांच्या होकारापाशी.

आण्णा म्हणजे निवृत्ती जगदाळे. एस.टी.वर एकतीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली बहुतेक कराड-चिपळूण मार्गावर. कुंभार्ली घाटात धुकं असो, दरड असो, त्यांच्या गाडीला कधी ओरखडा आला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला भिंतीवर काचेत लावलेला होता आणि शेजारी तेजश्रीच्या आईचा फोटो. त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात हे दोघंच.

घोळ घातला तो तेजश्रीनेच. "हर्षद रॉकेटं बनवतो," असं तिने वडिलांना कौतुकाने सांगून ठेवलं होतं. खेळ होता तो. संगणकावर टाक्या, इंजिनं, माणसं बसायची कुपी असं एकावर एक रचून रॉकेट बांधायचं आणि सोडून बघायचं. पण वजन, हवा, इंधन यांचं गणित अगदी खऱ्यासारखं. रचना चुकली की रॉकेट कोसळलंच. आण्णा म्हणाले, "बगू तरी." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला.

"आण्णा, तो खेळ आहे," तेजश्री स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"खेळ हाय गं. पन नावं दिल्यात न्हवं त्यांना?" त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरची यादी एकेक अक्षर लावत वाचायला घेतली. "शि-र्के. इ-नाम-दार. हे कोन?"

इथे मला खरं सांगणं भाग पडलं. खेळातल्या माणसांना मी ऑफिसातल्या लोकांची नावं दिली होती.

"आन हे बापट? ह्येंच्यापुढं काय लिवलंय?"

"ते बापटसाहेब. आमचे सेक्शन हेड. त्यांना चंद्रावर उतरवलं होतं मी. पण परतीला इंधन पुरलं नाही."

"मग?"

"मग काय, तिथेच आहेत."

"किती दिस झालं?"

"आठ महिने."

आण्णांनी चष्मा काढला. "आठ म्हैने मानूस चंद्रावर उभा हाय. आन तू हितं चिवडा खातूयास."

'तुम्ही'चा 'तू' झाला तो असा. जावयाला 'तू' म्हणायला सासरे बरीच वर्षं घेतात म्हणे. मला दहा मिनिटं पुरली.

"ते खातात काय?"

"खेळात भूक लागत नाही, आण्णा."

"भूक नसंल लागत. पन एकटा हाय ना तो." ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "हे बघ. बापटसायबाला खाली आन. मागं घ्यायचं बटन दाबायचं न्हाई. मानूस मारायचा न्हाई. मग बसू लग्नाचं बोलायला."

मी तेजश्रीकडे बघितलं. तिने खांदे उडवले. या घरातली गाडी कोण चालवतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

अशी माझी रविवारची ड्युटी लागली. दुपारी दोनला मी हजर व्हायचो, आण्णा हात-पाय धुऊन, शर्ट खोचून टेबलाशी बसलेले असायचे. पहिल्या दिवशी मी झपाट्याने एक उंचच उंच रॉकेट उभं केलं.

"पडंल," आण्णा म्हणाले.

"नाही पडणार, मी यातच काम करतो."

"टपावर माल जास्ती झालाय. पयल्याच वळनाला पडंल."

सोडायच्या आधी मी माणसं उतरवून ठेवली एवढंच माझं नशीब. रॉकेट वर गेलं, किंचित वळलं, कलंडलं आणि जिथून उडालं तिथेच येऊन आपटलं. कारखान्यात माझ्या हाताखाली चार पदविकाधारक होते. त्यांच्यापैकी कोणी हे बघायला नव्हतं, हे बरं झालं.

दुसऱ्या रविवारी छत्री आधी उघडली. म्हणजे पॅराशूट. कुठला भाग कधी सुटणार याचा क्रम आधी लावून द्यायचा असतो; त्यात शेवटची छत्री पहिल्या नंबरला आली होती. रॉकेट जागेवर उभं आणि डोक्यावर लाल-पांढरी छत्री! आण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेजश्री पाणी घेऊन धावत आली, आणि पडद्याकडे बघून तीही मटकन बसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला चहाबरोबर बिस्कीट मिळालं.

तिसऱ्या रविवारी आण्णांचे प्रश्न सुरू झाले. ब्रेक कुठे आहेत? ब्रेक नसतात, मी म्हणालो. वर हवा नाही, रस्ता नाही, घासणार कशाला? वेग कमी करायचा तर रॉकेट उलट्या तोंडाने फिरवायचं आणि इंजिन लावायचं.

आण्णांनी टेबलाखाली पाय दाबून बघितला. "म्हंजे घाट उतरताना ब्रेकवर पाय ठिवायचा न्हाई. गेरात उतरवायची."

"अगदी तसंच!"

"मग असं सांग की. उगं विज्ञान सांगत बसलायस."

खरं सांगायचं तर ज्या गोष्टी मला दोन वर्षांत कळल्या नव्हत्या त्या त्यांना तीन रविवारांत कळल्या. मी इंजिन एकदम पूर्ण सोडायचो, ते म्हणायचे, "लाज वाटू दे, मागं बाया-मान्सं बसल्यात." मी जेवढ्यास तेवढं इंधन धरायचो, ते म्हणायचे, परतीचं धर आणि वर तेवढंच आणखी धर, घाटात पंप नसतो. लॅपटॉप आठवडाभर त्यांच्याकडेच राहू लागला. गाडी सुटायच्या आधी तपासणी झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तेजश्रीने त्यांना माउस धरायला शिकवलं. मी एप्रिलच्या तारखा बघत होतो आणि त्या एकेक करून हातातून जात होत्या. चौथ्या रविवारी एक टाकी मध्येच गळून पडली, पाचव्याला पायऱ्यांचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या टप्प्यांचं, जुळलं नाही म्हणून उड्डाणच रद्द झालं. आई पुण्याहून फोन करून विचारायची, "त्यांचं काय ठरलं?" काय सांगणार? आई, बापटसाहेब अजून चंद्रावर आहेत?

ऑफिसात खरे बापट समोर आले की मला अपराधी वाटायचं. एकदा तर मी त्यांना विचारलं, "साहेब, बरे आहात ना?" त्यांनी संशयाने बघितलं आणि माझी रजा नामंजूर केली.

सहाव्या रविवारी मात्र सगळं जमलं. रॉकेट सरळ वर गेलं, टाक्या वेळेवर सुटल्या, आणि आण्णांच्या देखरेखीखाली मी यान चंद्रावर इतक्या अलगद टेकवलं की धूळसुद्धा उडाली नाही. बापटसाहेबांपासून अंतर दोनशे पावलं. साहेब आपल्या मोडक्या यानाशेजारी इतके महिने उभे होते तसे उभे होते. मी त्यांना चालवत आणलं. आण्णा खुर्चीच्या टोकावर आले होते. साहेब शिडी चढले, दाराशी पोचले, मी 'आत या'चं बटण दाबलं.

पडद्यावर पाटी आली. जागा नाही.

"असं कसं?" मी म्हणालो. "तीन सीटचं यान आहे. शिर्के आणि इनामदार मॅडम दोघंच आहेत. तिसरी सीट मी साहेबांसाठी मोकळी ठेवली होती!"

मी आतल्या माणसांची यादी उघडली. एक, शिर्के. दोन, इनामदार. तीन, इंग्रजी अक्षरांत, एका टी-ची बचत करून लिहिलेलं नाव: निवृत्ती जगदाळे.

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा पडद्याकडेच बघत होते.

"ड्रायव्हरबिगर गाडी कशी सोडायची?" ते म्हणाले. "तुमच्या त्या दोगांकडं लायसन हाय का?"

मला हसू आवरेना. डोक्यावर हात मारून घेतला आणि हसत सुटलो. एकतीस वर्षं ड्रायव्हर असलेल्या माणसाने रिकामी ड्रायव्हरची सीट बघितली आणि स्वतः जाऊन बसला, यात त्याचा काय दोष? "आण्णा, अहो, यान आपण इथून चालवतो!"

"ते मला काय म्हाईत," आण्णा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सोपं हाय. मला उतरव. बापटसायबाला बसव आन जा घिऊन."

"आणि तुम्हाला चंद्रावर ठेवू?"

"मी ऱ्हातो की."

"दुसरं यान पाठवायला परत महिना जाईल."

"जाऊ दे. म्हैना काय आन दोन काय. मला कुठं काय काम हाय? एकट्याला ऱ्हायची सवय करायचीच हाय न्हवं आता."

ते अगदी सहज म्हणाले, बस चुकली तर पुढच्या बसने जाऊ असं म्हणावं तसं. माझं हसू तोंडावरच राहिलं. तेजश्री हाताला लागलेलं पीठ न धुताच बाहेर आली.

"आण्णा," ती म्हणाली, "ती सीट तुम्ही मुद्दाम भरलीत ना?"

आण्णांनी माउस बाजूला सरकवला.

"नाव कसं बदलायचं हे तुम्ही मला बुधवारी विचारलंत. मला वाटलं, हौस असेल."

"हौस पन हुती," आण्णा म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून उगाच पुसला. "बापट खाली आला की तारीख धरायची, असं मीच बोलून बसलो हुतो. शबुद दिलेला. मागंच ध्यानात आलं, आता ह्यो येनार खाली. वाटलं, अजून पंधरा दिस निगत्याल. आन काय वो. तुमास्नी न्हाई म्हनायचं न्हवतंच मला. फकस्त हो म्हनायला तोंड उगडंना."

या घरात मी सहा रविवार चहा प्यायलो होतो. दुपारी दोनच्या ठोक्याला शर्ट खोचून बसलेला माणूस मला फक्त कडक वाटला होता. आठवड्यात त्या घराची कडी दुसरं कुणी वाजवत नसेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. आणि मग एकेक गोष्ट आठवू लागली.

"आण्णा, चौथ्या रविवारी टाकी पडली ती?"

"ती मी ढिली केली हुती."

"पाचव्याच्या पायऱ्या?"

"त्या पन मी."

"आणि छत्री? पहिल्यांदाच उघडली ती?"

"ती न्हाई!" आण्णा एकदम ताठ बसले. "ती तुजी चूक. माज्यावर ढकलू नगंस."

तेजश्री रडता रडता फस्सकन हसली आणि पिठाचे हात तोंडाला लावून बसली. तिच्या गालावर पाच बोटं उठली. आण्णांनी आपल्या पंच्याने ते पीठ पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"तुम्हाला चंद्रावर सोडून मी जाणार नाही," मी म्हणालो. बोललो ते खेळातलं, पण आवाज खेळातला निघाला नाही.

"अरं पन जागाच न्हाई तर करनार काय?"

"तुम्ही सांगा. एस.टी.त जागा नसली की काय करायचात?"

आण्णांनी यानाकडे पाहिलं. कुपीच्या बाहेरच्या अंगाला शिडी होती, साहेब जिच्यावरून चढले होते ती. जुन्या एस.टी.ला मागे टपावर जायची शिडी असायची तशीच. त्यांच्या डोळ्यांत जरा चमक आली.

"बाजाराच्या दिवशी पोरं लटकायची मागच्या शिडीला. मी खाली उतरून हाकलायचो." ते खाकरले. "पन गाडी हळू चालवली तर पडत न्हाई कुनी. बापटसायबाला आत घे. वयस्कर मानूस. मी लटकतो."

"तुम्ही?"

"मग काय इनामदार बाईंना लटकवतोस? सर बाजूला. गाडी मी चालवनार."

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. निवृत्ती जगदाळे पडद्यावर यानाच्या शिडीला लटकले होते आणि निवृत्ती जगदाळे टेबलाशी बसून ते यान चालवत होते. इंजिन त्यांनी इतकं हळू वाढवलं की यान उठलंय हे मला सावलीवरून कळलं. जरा हिसका बसला असता तर शिडीवरचा माणूस गेला असता. ते तोंडाने कुणालातरी सांगत होते, "धर घट्ट, वळन हाय." तेजश्री माझ्या खांद्यामागे उभी राहून माझा शर्ट मुठीत धरून होती. चंद्राभोवती एक फेरी, मग घराकडे. परतीच्या दुप्पट इंधनावर मी तीन रविवार कुरकुरलो होतो. तेच वेग कमी करायला उपयोगी पडलं, आणि यान पृथ्वीभोवती सावकाश फिरू लागलं. हवेत शिरताना शिडीवरचा माणूस जळून जाणार, म्हणून मी घाईघाईने एक छोटं रिकामं यान वर पाठवलं.

"हेच्यात ड्रायव्हर?" आण्णांनी विचारलं.

"नाही."

"चालंल," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी तडजोड असावी.

त्यांनी शिडी सोडली, काळ्या आभाळात तरंगत पलीकडे गेले आणि दार उघडून आत बसले. आधी बापटसाहेबांची छत्री उघडली आणि मग आण्णांची. दोन्ही यानं समुद्रात टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

बाहेर शेजारच्यांची गाडी कोणीतरी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. आण्णांनी लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला.

"ह्या खेळात मंगळ हाय का?"

"आहे."

"जाऊन यायला किती लागतं?"

"दोन-अडीच वर्षं. पण एक बटण असतं आण्णा, ते दाबलं की दिवस भराभर पळतात. पाच मिनिटांत पोचतो आपण."

"ते नगं दाबायला," आण्णा म्हणाले.

मी तेजश्रीकडे बघितलं. "नको दाबायला," मी म्हणालो.

"मग रविवारी सकाळचीच एस.टी. धरावी लागेल आम्हाला पुण्याहून," ती म्हणाली.

आण्णांनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, चष्मा लावला, आणि लग्नाची तारीख बघायच्या आधी जूनपासूनचे रविवार बोटाने मोजायला सुरुवात केली.